जुलैत आई-बाबा आणि मुलांना घेऊन झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन: काय घ्यावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसहून तुम्ही चौघं निघणार, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा ७२ वर्षांचे, गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. हातात जुलैचे नऊ दिवस, लास व्हेगासला उतरायचं आणि तिथूनच परतायचं. यादीत युटा आणि ॲरिझोना राज्यांतली ही ठिकाणं: झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटेलोप कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन. हे सगळं बसेल का, ऊन सोसेल का आणि गाडी कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

मी फीनिक्सला राहतो आणि भारतातून आलेल्या कुटुंबांना या भागात फिरवणं हेच माझं काम आहे. म्हणून आधी स्पष्ट सांगतो: नऊ दिवसांत हे वर्तुळ गाडीने पूर्ण होतं. रस्ते उत्तम आहेत, अंतरं जमण्यासारखी आहेत. अडचण वेगळीच आहे. आठ ठिकाणं गाठायची म्हटली की सकाळचा वेळ सामान भरण्यात आणि गाडीत जातो आणि तुम्ही जवळपास प्रत्येक ठिकाणी दुपारी बारा ते चारच्या मध्ये पोचता. म्हणजे जी वेळ या वाळवंटात खोलीत पडून राहायची, नेमक्या त्याच वेळी तुम्ही बाबांना कड्यावर उभं करणार. त्यामुळे ‘किती ठिकाणं बसतील’ याच्याऐवजी ‘आपण कुठल्या उंचीवर, किती वाजता उघड्यावर असू’ हे धरून आखणी करा.

उंची का, ते सांगतो. ही सगळी ठिकाणं एकाच पठारावर असली तरी एकाच हवेत नाहीत. कोरड्या हवेत दर हजार फुटांना साधारण ३ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. झायनची दरी ४,००० फुटांवर, तिथे जुलैची दुपार ३८ अंशांच्या आसपास. आर्चेसही तसंच. ब्राइसचा कडा ८,००० ते ९,००० फुटांवर, तिथे दुपारी २७. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दक्षिणेचा कडा, ७,००० फुटांवर, तिथे २९-३०, आणि त्याच कड्याच्या तळाशी, नदीजवळ, ४१. लास व्हेगास ४०च्या वर. म्हणजे तुमच्या यादीतली दोन मोठी ठिकाणं, ब्राइस आणि साउथ रिम, जुलैतही आई-बाबांना सुखाची आहेत. मुक्काम तिथे लांबवा, बाकीची ठिकाणं सकाळच्या तासांत उरका.

या हिशेबात मी सरळ मोआब गाव काढून टाकेन, म्हणजे त्याच्याजवळची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स दोन्ही. मला स्वतःला आर्चेस फार प्रिय आहे, म्हणून हे सांगणं सोपं नाही. पण ज्या कमानीसाठी सगळे जातात त्या डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, उघड्या कातळावरून चढत जाणारी आणि सावली जवळजवळ नसलेली. बाबा ती चालू शकणार नाहीत, सहा वर्षांचा मुलगा अर्ध्यावर बसेल, आणि तेवढ्यासाठी ब्राइसपासून साडेचार तासांची गाडी. शिवाय मोआबचा फेरा घेतला की परतीचे सगळे टप्पे लांबतात. आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत थांबणार असतील तर मोआबची वेगळी सहल करा, त्यांना ती मनापासून आवडेल. तुम्ही दोघंच जात असता तर माझं उत्तर वेगळं असतं, हेही खरं.

मॉन्युमेंट व्हॅलीही मी या वेळी सोडेन. अँटेलोपजवळच्या पेज गावाहून ती दोन तासांवर आहे आणि आतला १७ मैलांचा फेरा कच्च्या, खडबडीत रस्त्याचा. कंबर-गुडघे दुखणाऱ्यांना तो त्रासाचा. बाबांची तीच एक इच्छा असेल तर जरूर जा, पण भाड्याची गाडी आत न घालता तिथल्या नॅव्हाहो (इथली मूळ आदिवासी जमात) वाटाड्याच्या गाडीतून, सकाळी. कॅपिटल रीफ वाकड्या वाटेवर पडतं. तिथल्या फ्रूटा नावाच्या जुन्या वस्तीच्या बागांत फळं तोडायला मिळतात, मुलांना मजा येते, पण तुमच्या नऊ दिवसांत ते मोआबबरोबरच शोभलं असतं.

मग उरतं ते असं: झायनजवळ स्प्रिंगडेलला दोन रात्री, ब्राइसला दोन, पेजला एक, साउथ रिमला दोन आणि शेवटची रात्र लास व्हेगासला. नॉर्थ रिमचा, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडच्या कड्याचा, विचार मनात असेल तर तो काढा. २०२५च्या जुलैत ड्रॅगन ब्रावो वणव्यात तिथलं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. साउथ रिम तुम्हाला पुरेसा आहे.

दिवसाचं वेळापत्रक सगळीकडे एकच ठेवा. पाचला उठणं, सहा ते दहा बाहेर, अकरा ते पाच खोलीत किंवा एसी गाडीत, साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत पुन्हा बाहेर. गावाहून गावाला जाण्याचे प्रवास सगळे दुपारी टाका. मुलं मागे झोपतात, आई-बाबांना खिडकीतून लाल कातळ बघायला मिळतो. रात्रीचा प्रवास मात्र टाळा. या रस्त्यांना बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही, हरणं आणि मोकळी गुरं आडवी येतात.

आता जागेवरचं. डॅलसहून सकाळचं विमान घ्या, लास व्हेगासला पाणी-किराणा भरून दुपारी निघा. स्प्रिंगडेल १६० मैल, तीन तासांच्या आत. वाटेत युटामध्ये शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं, हे जेवणाच्या आणि मुक्कामाच्या हिशेबात धरा.

झायनच्या मुख्य दरीत मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या जात नाहीत, पार्कची फुकट बस असते. तुमच्यासाठी ही सोयच आहे. पहिल्या बसने शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला उतरा आणि रिव्हरसाइड वॉक करा. जाऊन-येऊन दोन मैलांच्या थोडी वर, फरसबंदी, जवळजवळ सपाट. सकाळी सातला त्या वाटेवर ऊन पोचलेलं नसतं. दोन्ही बाजूंना हजार फुटांहून उंच भिंती, कातळातून झिरपणाऱ्या पाण्यावर वाढलेली शेवाळं आणि नेचे, खाली व्हर्जिन नदीचा आवाज. आईंना वाटेवरच्या बाकावर बसू द्या, घाई करू नका. खारी पायाशी येतील. त्यांना खायला घालायचं नाही, त्या चावतात आणि मुलांना हे आधीच सांगावं लागतं. वाट संपते तिथे लोक काठ्या घेऊन पाण्यात शिरताना दिसतील. तीच प्रसिद्ध नॅरोज, नदीच्या पात्रातून चालायची अरुंद दरी. तुमची मोठी मुलगी आणि तुमच्यापैकी एक जण थोडं आत जाऊन या, पण त्याआधी पार्कने त्या दिवसाचा पुराचा धोका किती लिहिलाय ते बघा. नदीत विषारी सायनोबॅक्टेरियाबद्दल इशारे लागलेले असतात, म्हणून पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, मुलांनी डोकं बुडवायचं नाही. एंजल्स लँडिंग या अवघड सुळक्याचं नाव ऐकलं असेल. त्याला २०२२पासून परवाना लागतो आणि लहान मुलांना घेऊन मी तो चढ करू देणार नाही.

झायनहून ब्राइस दोन तास. वाटेतला १९३० सालचा एक मैलाहून लांब बोगदा आणि त्यापलीकडचे बुद्धिबळाच्या पटासारखे चिरलेले खडक याच रस्त्यावर आहेत, म्हणून पूर्वेकडच्या दारानेच बाहेर पडा.

ब्राइसला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी दमाने घ्या. एकदम दुप्पट उंचीवर आलेले असता, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही अर्ध्या मैलाची पक्की, सपाट वाट आई-बाबांसाठी. खाली हजारो हूडू उभे दिसतात, म्हणजे पाण्या-बर्फाने झिजवलेले दगडी खांब. मुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी क्वीन्स गार्डनच्या वाटेने खाली उतरा, पण चढून वर यायचं असतं हे विसरू नका. रात्री दहानंतर सगळ्यांना स्वेटर घालून बाहेर काढा. ब्राइसचं आकाश फार काळं आहे आणि आकाशगंगा दुर्बिणीशिवाय दिसते. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मात्र टाळा. मी ज्या कुटुंबांना नेतो, त्यांतल्या वडीलधाऱ्यांना बहुतेक वेळा ग्रँड कॅन्यनपेक्षा ही रात्र जास्त आवडते.

इथेच मुलीला एक गोष्ट दाखवा. ब्राइसचे सर्वांत खालचे थर म्हणजे झायनचे सर्वांत वरचे, आणि झायनचे खालचे थर म्हणजे ग्रँड कॅन्यनचा माथा. तुमचा प्रवास म्हणजे एकाच मोठ्या जिन्यावरून खाली उतरणं: ब्राइसचे गुलाबी खडक साधारण ५ कोटी वर्षांचे, झायनच्या भिंती १८-१९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा आणि त्याच्या तळाचा काळा खडक १७० कोटी वर्षांहून जुना. बाबांनी सह्याद्रीचे आडवे थर आयुष्यभर पाहिलेत. ते लाव्हाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथले समुद्र, नद्या आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या गाळाचे. नातीला हे बाबांनीच समजावून सांगितलं तर दुपारचा प्रवास कसा गेला कळणार नाही. प्रत्येक पार्कात ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते, ती भरून दिली की रेंजर मुलांना शपथ देऊन बिल्ला देतात. दोघांसाठी पहिल्याच दिवशी घ्या.

ब्राइस ते पेज हा टप्पा नीट वाचा. फोनवरचे नकाशे कधी कधी कॅननव्हिलहून कॉटनवुड कॅन्यन रोडने जवळची वाट दाखवतात. तो कच्चा रस्ता आहे आणि पाऊस झाला की चिखलात कुठलीही गाडी अडकते. तुम्ही कनाबमार्गे हायवे ८९नेच जा, दीडशे मैल, पावणेतीन तास. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, मधे बराच वेळ रेंज नसते.

पेजला वेळेचा घोळ होतो. युटा आणि नॅव्हाहो नेशन (नॅव्हाहो लोकांचा स्वायत्त प्रदेश) उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं, पण तुमचा फोन कुठल्या टॉवरला चिकटेल ते सांगता येत नाही आणि एक तास पुढे-मागे उडी मारतो. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, फीनिक्सची वेळ लावा, आणि अँटेलोपची वेळ कुठल्या घड्याळाने दिलीय ते बुकिंग करताना विचारून घ्या. पैसे भरलेली फेरी एका तासाने हुकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ नॅव्हाहो लोकांच्या जमिनीवर आहे, वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि पिशव्या नेता येत नाहीत. तिचे दोन भाग आहेत, लोअर आणि अप्पर. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत, तो बाबांसाठी नाही. अप्परला सपाट वाळूतून चालायचं म्हणून ‘ज्येष्ठांसाठी अप्पर’ असं सगळीकडे वाचाल. आतलं चालणं खरंच सोपं आहे, पण आता रांग एकाच दिशेने जाते आणि परतीला घळीबाहेरून लोखंडी जिने-पुलांवरून उन्हात यावं लागतं. बाबांच्या गुडघ्याचं आधी सांगा, पायऱ्या किती ते विचारा आणि सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारच्या उन्हाचे झोत फोटोत छान दिसतात, पण तुमच्यासाठी ते महत्त्वाचे नाहीत. मुलाची बूस्टर सीट जवळ ठेवा, कारण घळीपर्यंत त्यांच्या गाडीतून जावं लागतं. हॉर्सशू बेंड, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, आदल्या संध्याकाळी उरका. जाऊन-येऊन दीड मैल, सावली शून्य, आणि कठडा कड्याच्या थोड्याच भागाला आहे. धाकट्याचा हात एका मोठ्या माणसाने धरलेलाच असला पाहिजे.

या घळींबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. जुलैच्या सुरुवातीपासून इथेही मोसमी पाऊस सुरू होतो, दुपारी ढग चढतात आणि तासाभरात वळवासारखा कोसळतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये पाण्याचा लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. पाऊस घळीपासून कित्येक मैलांवर पडला होता. कोरडा कातळ पाणी शोषत नाही, सगळं पाणी अरुंद चिरेत उतरतं. म्हणून डोक्यावर निळं आकाश आहे हे कारण पुरत नाही. वाटाड्या किंवा रेंजर नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. कड्यावर असताना गडगडाट ऐकू आला तर लगेच गाडीत किंवा इमारतीत जा. वीज हा उन्हाळ्यातला खरा धोका आहे.

पेजहून साउथ रिमला कॅमेरॉनमार्गे, पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू दाराने जा. १९३२ साली मेरी कोल्टर यांनी बांधलेला दगडी मनोरा तिथेच आहे आणि दरीचं पहिलं दर्शन तिथून घ्यावं. दारावर बाबांसाठी सीनिक ॲक्सेसिबिलिटी परमिट मागा. कड्याच्या काठाने जाणारा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, पण चालायला त्रास असलेल्यांना या परमिटवर स्वतःची गाडी नेता येते. कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं आणि आजी-आजोबा बसच्या रांगेत उभे राहतात. ॲरिझोनाच्या घड्याळामुळे सूर्य सव्वापाचला उगवतो, पावणेआठला मावळतो. तुमच्या मुलीला दरीत उतरायचंच असेल तर साउथ कैबाब नावाच्या वाटेने ऊ-आह पॉइंटपर्यंत, एका बाजूला एक मैलही नाही. पण उजाडताच निघा आणि दहाच्या आत वर या. खाली जाताना ऊन वाढतं आणि परतीचा चढ थकलेल्या पायांनी करायचा असतो.

आता उन्हाबद्दल, कारण तुमची काळजी तीच आहे. कोकणात किंवा पुण्यात उकडलं की घाम वाहतो, जिवाला कळतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम आल्याआल्या वाळतो. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे वळ दिसतात, अंग मात्र कोरडं. वय झालं की तहानही उशिरा लागते. ‘पाणी हवंय का?’ असं विचारलं की आई हमखास ‘नको, आत्ताच प्यायले’ म्हणतात, कारण वाटेत स्वच्छतागृह शोधायची त्यांना चिंता असते. म्हणून मी विचारत नाही. प्रत्येक थांब्यावर बाटली हातात देतो आणि पुढचं स्वच्छतागृह किती मिनिटांवर आहे तेही सांगतो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवं. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ गेलं की चक्कर, मळमळ येते. तिखटमिठाच्या पुऱ्या, खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबाचं लोणचं, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, हे सगळं इथे औषधासारखं आहे. बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि उन्हात डोस कसा घ्यायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कुणी बडबडेनासं झालं, गोंधळलं किंवा अंग तापून बोलणं अडखळायला लागलं तर वाट न बघता ९११ लावा, तोवर सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घाला.

गाडी: मिनीव्हॅन घ्या. या आखणीतले सगळे रस्ते डांबरी आहेत, फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही. सहा माणसं आणि सामान उंच एसयूव्हीत कोंबण्यापेक्षा खालची पायरी आणि सरकतं दार बाबांच्या गुडघ्याला बरं. मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, नको, झायनच्या बोगद्यात तिच्यावर बंधनं आहेत.

पैशांचं एक नवीन आहे. १ जानेवारी २०२६पासून पार्कांचे दर अमेरिकेत राहणाऱ्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांना वेगळे झाले. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलर, इतरांना २५०. शिवाय ज्यांच्याकडे पास नाही अशा परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ पार्कांत नेहमीच्या शुल्कावर १६ आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, तेव्हा पास कुणाच्या नावाने घ्यायचा हे पार्क सेवेच्या साइटवर वाचून निघण्याआधीच ठरवा. अँटेलोपला हा पास चालत नाही.

बुकिंग या क्रमाने करा: आधी साउथ रिमच्या आतल्या खोल्या, मग ब्राइस, मग अँटेलोपची सकाळची फेरी, बाकी नंतर. साउथ रिमच्या खोल्या वर्षभर आधी भरतात, पण रद्द होऊन सुटतातही, म्हणून रोज एकदा बघत राहा. नाहीच मिळाल्या तर दक्षिणेच्या दाराबाहेर टुसायानला घ्या. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो आणि सूर्योदयाला पोचता येतं.